वाटणीआधीचा भूजल सर्वे: पैसे कशावर घालावेत आणि कशावर नाही

भाऊहिस्सा ठरला की आधी मोजणी येते, मग बांध पडतात, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्या त्याच्या तुकड्यात बोअरचा पॉइंट दाखवायला माणूस बोलावला जातो. हा क्रम उलटा आहे. जमीन एकत्र असते तेव्हाच पाण्याची खरी तपासणी होते. बांध आणि तारकुंपण झाल्यावर त्यातली निम्मी कामं नीट करताच येत नाहीत. म्हणून वाटणीआधी मिळणाऱ्या भूजल तपासणीच्या सेवा इथे तोलून पाहिल्या आहेत. लिहिलेलं सगळं दख्खनच्या काळ्या दगडाला, म्हणजे बेसॉल्टला लागू आहे: अहिल्यानगर, सोलापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, पुण्याचा पूर्व भाग. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच खडकावर आहे. पूर्णेचा खारपाणपट्टा, कोकणातला जांभा आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडचे जुने खडक यांची गणितं वेगळी.

उदाहरणाला १२ एकरांचा एक गट धरू. वरच्या अंगाला माळ, खालच्या अंगाला ओढा, ओढ्याकाठी ६ मीटर व्यासाची जुनी विहीर आणि वाटेकरी तीन.

सर्वेला माणूस बोलावण्याआधी एक हिशोब घरीच करावा. भूजलाचं मूल्यांकन करताना झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पावसाचं साधारण ७ टक्के पाणी खाली मुरतं असं धरतात, भेगाळ आणि मांजऱ्या (भोकाभोकांच्या) खडकात १३ टक्क्यांपर्यंत. ६०० मिलिमीटर पाऊस आणि ७ टक्के धरले तर एकरी वर्षाला ४२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १ लाख ७० हजार लिटर. उन्हाळ्यात उभ्या उसाला रोज ६ मिलिमीटर पाणी धरलं तर एकरी दिवसाला २४ हजार लिटर लागतात. म्हणजे आपल्या एकरावर वर्षभरात मुरलेलं पाणी ऊस सात दिवसांत पितो. बाकीचं पाणी वरच्या रानातून आणि ओढ्यातून येतं. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचं किमान माप, ठरलं. वरच्याच हिशोबाने १० गुंठ्यांवर वर्षाला साडेबेचाळीस हजार लिटर मुरतं, आणि जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने पाच माणसांच्या घराला एक लाख लिटर लागतात. कायद्यात बसणारा तुकडा पाण्याच्या हिशोबात बसेलच असं नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित सेवा म्हणजे भूवैज्ञानिकाची पायी पाहणी. काही जण ती सर्वेच्या फीमध्येच धरतात, काही वेगळी लावतात. वेगळी लावली तरी ती घ्यावी. चांगला माणूस यंत्र गाडीतच ठेवतो आणि आधी शिवार फिरतो. आजूबाजूच्या पाच-सहा बोअरवाल्यांना चार प्रश्न विचारतो: केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) किती फूट गेलं, पहिलं पाणी किती फुटांवर लागलं, बोअर किती फुटांवर थांबवली, आणि मे महिन्यात मोटर सलग किती वेळ चालते. यातला केसिंगचा आकडा फार बोलका असतो. कठीण दगड लागेपर्यंत केसिंग घालतात, म्हणून त्या आकड्यावरून मुरुमाची जाडी कळते. एका बाजूला १५ फूट आणि शंभर पावलांवर ५० फूट केसिंग गेलं असेल, तर दुसऱ्या ठिकाणी खडक जास्त झिजलाय आणि पाणी साठायला तिथे जागा आहे.

त्यानंतर तो जुन्या विहिरीच्या कठड्यावरून आत बघतो. उन्हाळ्यात उतरलेल्या विहिरीची भिंत म्हणजे शिवाराचा उघडा नकाशा. वर हातभर माती, खाली पिवळसर मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, त्यातली बरीच भोकं पांढऱ्या खनिजाने बुजलेली. खाली लालसर मातकट थर, आणि त्याच्याखाली अखंड काळा पाषाण. झरा बहुतेक वेळा मांजऱ्याच्या तळाशी, लाल थराच्या डोक्यावर दिसतो, कारण तो थर चिकण असतो आणि पाण्याला सहजी खाली जाऊ देत नाही. झरे कोणत्या दिशेने येतात ते लिहून घ्यायला सांगा. विहीर खालच्या वाटेकऱ्याकडे गेली आणि झरे वरच्या हिश्शातून येत असले, तर वरच्याने झऱ्याच्या वाटेवर बोअर घेतल्यावर विहिरीचं काय होईल ते त्याच दिवशी समोर दिसतं. ही पाहणी न करता थेट खुंट्या ठोकायला घेणाऱ्याला काम देऊ नका.

आता मुख्य सेवा, विद्युत रोधकता सर्वे. बोलीत सगळे रेझिस्टिव्हिटीच म्हणतात. जमिनीत दोन खुंट्यांमधून वीजप्रवाह सोडायचा, मधल्या दोन खुंट्यांमध्ये विद्युतदाब मोजायचा, आणि बाहेरच्या खुंट्या हळूहळू लांब नेत जायच्या. खुंट्या जितक्या लांब, तितका प्रवाह खोल जातो. थराचा विजेला होणारा विरोध ओहम-मीटरमध्ये मोजतात. काळी चिकण माती साधारण ५ ते १० ओहम-मीटर दाखवते. पाण्याने भरलेला मुरूम आणि झिजलेला मांजऱ्या २० ते ४५ च्या आसपास, अर्धवट झिजलेला भेगाळ खडक ४० ते ७०, आणि अखंड पाषाण १०० च्या वर. माळरानावर आलेख आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर असा खोलगट निघाला तर ते बरं लक्षण: वर कोरडा मुरूम, मध्ये ओला थर, खाली कातळ.

हा सर्वे वाटणीआधीच का करायचा, त्याचं कारण इथे आहे. मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना १०० मीटर, म्हणजे एकूण २०० मीटर तार सरळ पसरली तर साधारण ४० ते ६० मीटर खोलीपर्यंतचं विश्वासाने बोलता येतं. शिवाय तार उताराला आडवी, समपातळीत पसरावी लागते. उताराच्या दिशेने पसरली तर दोन टोकांखालचे थर वेगळे पडतात आणि आलेख फसवतो. आपला १२ एकरांचा गट २०० मीटर रुंद आणि २४० मीटर लांब धरला आणि माळापासून ओढ्यापर्यंत तीन पट्टे पाडले, तर प्रत्येक पट्टा जेमतेम ६७ मीटर रुंदीचा होतो. एकत्र रानात २०० मीटरची आडवी तार बसते. तुकडे झाल्यावर दोन शेजाऱ्यांची परवानगी लागते, आणि कुंपणाची लोखंडी तार ओल्या जमिनीला टेकली असेल तर प्रवाह तिच्यातूनच पळतो. एक एकराचा चौकोनी तुकडा तर ६४ मीटर बाजूचा असतो. कर्णात तार टाकली तरी ९० मीटरच्या पुढे जात नाही. तेवढ्या तुकड्यात ५० मीटर तार पसरून कोणी ‘५०० फुटांवर पाणी आहे’ म्हणाला, तर त्याच्या यंत्राने ते पाहिलेलं नाही.

काम सुरू असताना जवळ उभं राहा. माणसं साधारण चार: एक यंत्रावर, दोन तारांवर, एक हातोडा आणि मिठाच्या पाण्याचा कॅन घेऊन. एका पॉइंटला १५ ते २० वाचनं होतात आणि तास-दीड तास जातो. यंत्रावरचा माणूस प्रत्येक वाचन वहीत लिहितो आणि त्याचा ठिपका तिथल्या तिथे आलेखाच्या कागदावर मांडतो. ठिपके सलग वळणात येत असताना एखादा मध्येच उडाला की जाणता माणूस थांबतो. बहुतेक वेळा लांबची खुंटी दगडावर बसलेली असते किंवा कोरड्या ढेकळात सैल उभी असते. ती बोटभर सरकवून आणखी वीतभर ठोकतात, बुडाशी मिठाचं पाणी ओततात, आणि पुन्हा वाचन घेतलं की ठिपका ओळीत येतो. असं न करता उडालेला ठिपका तसाच पुढे नेणारा, किंवा वाचन न लिहिता नुसतं यंत्राकडे बघून ‘इथे घ्या’ म्हणणारा, दोघांचाही अहवाल वाटणीच्या कामाचा नाही.

या सर्वेच्या मर्यादाही नीट समजून घ्यायला हव्यात. यंत्र पाणी दाखवत नाही, ते थराचा विरोध दाखवतं. १५ ओहम-मीटर म्हणजे ओला मुरूम असू शकतो, चिकण माती असू शकते, लाल थर असू शकतो किंवा खारं पाणीही असू शकतं. विहिरीची भिंत आणि शेजारच्या बोअरची माहिती सोबत नसेल तर नुसत्या आकड्याचा अर्थ लागत नाही. कातळातली ६० मीटरवरची वीतभर भेग, जिच्यात कित्येक बोअरचं पाणी असतं, ती या पद्धतीला दिसत नाही. म्हणून ‘२१० फुटांवर अडीच इंच’ असं लिहून देणारा अहवाल संशयास्पद समजावा. प्रामाणिक अहवालात थरांची जाडी, त्यांचे आकडे, शिफारस केलेली खोली आणि ‘शक्यता’ हा शब्द असतो.

१२ एकर आणि तीन वाटेकऱ्यांसाठी किमान सहा पॉइंट घ्यावेत: प्रत्येकाच्या संभाव्य हिश्शात एक वरच्या आणि एक खालच्या अंगाला. रानातून डाईक, म्हणजे खडकाची उभी भिंत जात असल्याची शंका असेल, तर २० किंवा ३० मीटरचं ठराविक अंतर ठेवून आडवी रांगही करून घ्यावी. डाईक पाणी अडवतो. त्याच्या एका अंगाला विहिरी भरलेल्या आणि दुसऱ्या अंगाला कोरड्या असं शिवार पुष्कळ ठिकाणी दिसतं, आणि बांध नेमका त्याच्यावर पडला तर एका भावाच्या वाट्याला कोरडी बाजू येते. फी बहुधा पॉइंटवर असते. येण्याजाण्याचा खर्च, मजूर आणि लेखी अहवाल तीत धरलेत का, ते आधीच विचारा. अहवालात प्रत्येक पॉइंटचे अक्षांश-रेखांश, तारीख, मूळ वाचनांचा तक्ता आणि आलेख नसेल तर पैसे पूर्ण देऊ नयेत. तक्ता हातात असला की उद्या दुसरा जाणकार तोच आलेख पुन्हा तपासू शकतो.

रेझिस्टिव्हिटी पुढच्या बोअरबद्दल अंदाज सांगते. जी विहीर आज आहे तिच्यावर हक्क वाटायचा असेल तर उपसा चाचणीच हवी, आणि पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त उपयोगी सेवा हीच आहे. ती एप्रिल-मेमध्ये करावी. दिवाळीतली विहीर सगळ्यांनाच पुरते.

पद्धत अशी. आदल्या रात्री मोटर बंद. सकाळी पाण्याची स्थिर पातळी कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून मोजायची. मोटर लावून पाणी साधारण ४ मीटर उतरवायचं, मोटर बंद करायची, आणि पाणी परत चढताना पहिल्या तासात दर १० मिनिटांनी, नंतर दर तासाला पातळी लिहायची. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ सेंटिमीटर म्हणजे २८३ लिटर. पहिल्या तासात २४ सेंटिमीटर चढलं तर ६,८०० लिटर झाले. इथे सर्रास चूक होते. लोक त्याला २४ ने गुणतात आणि दिवसाला १ लाख ६३ हजार लिटर असा आकडा वाटणीपत्रात घालतात. पण २४ सेंटिमीटर गुणिले २४ म्हणजे ५.७६ मीटर, आणि उतरवलं होतं ४ मीटर! पाणी जसं चढतं तसा झऱ्यावरचा फरक कमी होतो आणि भरणा मंदावतो. याच विहिरीत १२ तासांत सुमारे २.१ मीटर आणि २४ तासांत ३.१ मीटर भरतं, म्हणजे दिवसाला साधारण ८७ हजार लिटर. पहिल्या तासावरून केलेला आकडा जवळपास दुप्पट निघतो, आणि भांडणाचं मूळ तिथेच पेरलं जातं. म्हणून चाचणी पातळी निदान तीन चतुर्थांश भरेपर्यंत चालू ठेवायला सांगा, रात्रीच्या वाचनांसकट. दुपारी चहा घेऊन निघून जाणारा चाचणीवाला नको.

या आकड्यावरूनच पाळी ठरते. तीन भावांनी एकाच दिवसाचे तास वाटून घेतले तर सकाळी पहिला येणारा रातोरात साठलेलं पाणी नेतो आणि तिसऱ्याची मोटर हवा ओढते. पाळी पूर्ण दिवसाची ठेवावी. तासांचीच ठेवायची असेल तर पहिला नंबर दर दिवशी फिरता ठेवावा.

बोअरसाठी नुसता ‘इंच’ ऐकून घेऊ नका. ९० अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेतून वाहताना मोजलेलं १ इंच उंचीचं पाणी म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, २ इंच म्हणजे २,९००, आणि ३ इंच म्हणजे ८,००० च्या आसपास. इंच दुप्पट झाला की पाणी साडेपाच पटीहून जास्त वाढतं. त्यामुळे ‘एकाला दोन इंच, दुसऱ्याला एक इंच, फार फरक नाही’ हा समज महागात पडतो. शिवाय हा आकडा बोअर मारणारी गाडी हवा मारत असतानाचा असतो, मोटर बसवल्यावरचा नसतो. २०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरेसं आहे: ड्रम ५० सेकंदांत भरला तर सेकंदाला ४ लिटर. मात्र तो मोटर सुरू केल्या केल्या भरू नका. पाच-सहा तास सलग चालल्यावर भरा, आणि दोन्ही वेळचे सेकंद लिहून ठेवा.

एक चाचणी फार कमी जण मागतात, ती आवर्जून मागा. बोअर सहा ते आठ तास चालवायची, विहिरीची मोटर बंद ठेवायची, आणि विहिरीतली पातळी दर अर्ध्या तासाला मोजायची. ती उतरायला लागली तर दोन्हींना एकच पाणी आहे. मग ‘एकाला विहीर, दुसऱ्याला बोअर’ ही वाटणी वरवर बरोबरीची दिसली तरी खोल मोटरवाला जिंकतो.

नारळ, काटकी किंवा तांब्याच्या सळया घेऊन येणाऱ्या पाणाड्यांबद्दल: त्यांच्यातले काही जण चाळीस वर्षं शिवार फिरलेले असतात, झाडं आणि उतार त्यांना कळतात, आणि त्या जाणकारीचा मान आहे. पण हातातल्या काटकीच्या फिरण्याला शास्त्रीय आधार नाही आणि त्यातून लेखी मोजमाप निघत नाही. वाटणीला ते चालत नाही. मोबाईलवर रंगीत चित्र काढून देणारी नैसर्गिक विद्युतक्षेत्राची यंत्रंही हल्ली खूप फिरतात. अर्ध्या तासात काम होतं, चित्र देखणं निघतं, आणि म्हणून लोक भुलतात. शेतावरून वीजवाहिनी गेली असेल तर तिचा प्रभाव थेट त्या चित्रात उतरतो, आणि निळा रंग म्हणजे किती लिटर हे कोणी सांगत नाही. दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून ठीक, एकट्या चित्रावर बांध टाकू नये.

सरकारी बाजूला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिक असतात, आणि राज्यभरच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चारदा घेतल्या जातात. आपलं गाव कोणत्या पाणलोटात आहे आणि तो सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित, हे तिथे कळतं. उन्हाळ्यात या कार्यालयांवर टंचाईच्या कामांचा भार असतो, म्हणून अर्ज दिवाळीनंतर द्यावा. कायद्याच्या दोन गोष्टी तिथेच विचारून घ्या: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर बंधन आहे, आणि ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला कायदा खोल विहीर समजतो. गावाच्या नळयोजनेची विहीर आपल्या ओढ्याकाठी असेल तर खालच्या हिश्शाला नवी बोअर मिळेलच असं नाही. हे बांध पडल्यावर कळलं तर त्या भावावर अन्याय होतो.

पाण्याची तपासणी स्वस्त आहे, ती टाळू नका. मोटर १०-१५ मिनिटं चालवून मग नमुना घ्यायचा. जीवाणूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरून बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवायची. पिण्याला फ्लोराइड १.५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर नको. शेतीला विद्युत वाहकता २,२५० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर गेली तर भारी काळ्या जमिनीत मीठ साठत जातं. विहिरीचं गोड आणि बोअरचं मचूळ असा फरक निघाला तर तो हिश्शाच्या किमतीत धरायला हवा.

हे सगळं हातात आल्यावर पट्टे कोणत्या दिशेने पाडायचे ते बघा. उताराला आडवे पाडले तर एकाला नुसता माळ आणि एकाला सगळा ओढाकाठ जातो. माळापासून ओढ्यापर्यंत उभे पाडले तर तुकडे अरुंद होतात, नांगराला वळण कमी मिळतं, पण प्रत्येकाच्या वाट्याला थोडी ओल येते. पाण्याच्या बाजूने बघितलं तर उभे पट्टे सरस. विहीर सामाईक ठेवायची असेल तर वाटणीपत्रात विहिरीतला हिस्सा अपूर्णांकात, विहिरीपर्यंतची वाट, पाइपलाइन कोणत्या बांधाखालून जाणार, मोटर आणि वीजजोड कोणाच्या नावावर, गाळ काढण्याचा आणि खोलीकरणाचा खर्च, आणि विहिरीपासून किती मीटरच्या आत कोणीही बोअर घ्यायची नाही, हे सगळं लिहा. तेच सातबाऱ्याच्या इतर हक्कांत येईल असं बघा. उपसा चाचणीचा तक्ता आणि सर्वेचा अहवाल परिशिष्ट म्हणून जोडा, आणि ज्या खुणेपासून पातळी मोजली ती कठड्यावर ऑइलपेंटने तारखेसह रंगवून घ्या.